घास आणि घासणं

आजोबा जेवून उठले की तांब्या घेऊन परसदारी जायचे. अळवाच्या वाफ्याजवळ उकिडवे बसायचे, बोटानं हिरड्या चोळायचे आणि खळखळून चूळ भरायचे. एकदा नाही, चार-पाच वेळा. तांब्या रिकामा झाल्यावरच उठायचे आणि धोतराच्या सोग्याला तोंड पुसत ओट्यावर येऊन बसायचे. कुणी त्यांना शोधत आलं तर आजी आतूनच सांगायची, "बसा, आचवायला गेल्यात."

आचवणं हा शब्द आता माझ्या घरात कुणाच्या तोंडी नाही. मागं एकदा लेकीला तो सांगितला, तर ती म्हणाली, "म्हणजे हात धुणं?" हात धुणं त्यात आलंच, पण तोंडही आलं. हात धुतले आणि चूळ भरली नाही तर आजीच्या हिशेबी माणूस अजून उष्टाच असायचा. उष्ट्या तोंडानं कशाला शिवायचं नाही, देवाजवळ जायचं नाही, पुन्हा काही तोंडात टाकायचं नाही. या सोवळ्याओवळ्यातलं बरंच काही मी सोडून दिलं आणि त्याचं मला दुःख नाही. पण त्यातच गुंडाळलेली ही एक साधी गोष्ट मीही सोडली, हे मला फार उशिरा समजलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात, एका दंतवैद्य बाईंच्या खुर्चीत.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. आता सगळीकडं द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडं दिसतात, पण आजोबांची शेती ज्वारीची आणि थोड्या उसाची. त्यांनी आयुष्यात टूथब्रश हातात धरला नाही. पहाटे बांधावरच्या बाभळीची कोवळी काडी मोडायची, टोक चावून कुंचा करायचा आणि चालता चालता दात घासायचे. ते ब्याऐंशीव्या वर्षी गेले. तोवर पुढचे दात झिजून सपाट झाले होते, कारण जात्याच्या दळणातली कच जन्मभर चावलेली. मागच्या दोन दाढा हलून पडल्या होत्या. पण कीड लागली, ठणका सुरू झाला, दाढ काढायला तालुक्याला नेलं, असं त्यांच्या बाबतीत कधी घडलं नाही. सत्तरीतही ते ऊस दातानं सोलत.

वडील शिक्षक झाले. नोकरीच्या गावी राहायला गेले आणि काडी जाऊन मंजन आलं. रोज सकाळी तळहातावर मंजनाची पूड घेऊन ते इतक्या निगुतीनं दात घासायचे की आम्ही भावंडं बघत राहायचो. दर महिन्याला नवा डबा लागायचा. तरी पंचेचाळिशीत त्यांची पहिली दाढ काढली, आणि साठीला निवृत्त होईपर्यंत तोंडात मोजून नऊ दात उरले. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि वर-खाली दोन्हीकडं कवळी आहे.

मी ब्रश वापरत आले. पेस्टही चांगली वापरली. आणि चव्वेचाळिशीत माझ्या तीन दाढांना कीड निघाली. एकीचं रूट कॅनाल करावं लागलं.

म्हणजे काडीपासून ब्रशपर्यंत साधन दर पिढीला सुधारत गेलं आणि दात दर पिढीला बिघडत गेले. एका घरावरून नियम काढता येत नाही, हे मला कळतं. पण खुर्चीत पडल्या पडल्या मला हेच खुपत होतं, आणि मी ते डॉक्टर बाईंना बोलून दाखवलं. मला वाटलं होतं त्या विचारतील, दिवसातून किती वेळा घासता? त्यांनी एक कोरा कागद दिला. म्हणाल्या, "उद्या उठल्यापासून झोपेपर्यंत पाणी सोडून जे जे तोंडात जाईल ते वेळेसकट लिहून आणा. एक बेदाणासुद्धा सोडू नका."

बेदाणा त्यांनी सहज म्हटलं असेल. माझ्या कागदावर तो खरोखरच होता.

साडेसहाला चहा. आठला पोहे, त्यावर पुन्हा चहा. पावणेदहाला बँकेत पोचल्याबरोबर चहा. साडेअकराला चहा आणि बिस्किटं. दीडला डबा. दोनला साखरेच्या रंगीत गोळ्या घातलेली बडीशेप. चारला चहा. साडेपाचला कुणाच्या तरी बढतीचा पेढा. सातला कोपऱ्यावरची भेळ. नऊला जेवण. आणि रात्री दहानंतर वाचत पडल्यावर उशाशी गावाकडून आलेल्या बेदाण्यांची वाटी, त्यातून एकेक. अकरा ओळी झाल्या. मी स्वतःला कमी खाणारी समजत होते, आणि पोटाच्या हिशेबानं होतेही. दाताचा हिशेब निराळा निघाला.

तो हिशेब असा. दातांवर सतत एक पातळ चिकट थर धरत असतो. सकाळी जिभेनं चाचपलं तर जो लिबलिबीतपणा लागतो, तोच हा. त्यात कोट्यवधी जंतू राहतात. आपण साखर खातो तेव्हा तेही खातात आणि आम्ल सोडतात. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. पण थराचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातले क्षार विरघळू लागतात. रॉबर्ट स्टीफन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९४० च्या दशकात हे तोंडात मोजून दाखवलं. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच पीएच धाडकन उतरतो आणि पूर्वपदावर यायला अर्धा-पाऊण तास, कधी जास्तही लागतो. वर आणायचं काम लाळेचं. ती आम्ल पातळ करते, मारते, आणि स्वतःमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताला परत देते. दात रोज थोडा झिजतो आणि रोज थोडा भरून येतो. भरून यायला त्याला मोकळा वेळ मात्र मिळाला पाहिजे.

माझ्या अकरा ओळींना प्रत्येकी अर्धा तास धरला तरी साडेपाच तास झाले. आजोबांच्या तीन जेवणांचा दीड तास. मग परसदारी तांब्याभर पाणी. आणि त्यानंतर सहा-सात तास तोंडात काही नाही, रानात नुसतं पाणी. काडीत काही गुण असेलही. पण त्यांचे दात राखले ते मुख्यतः या रिकाम्या तासांनी, असं मला आता वाटतं. वडिलांकडं ते तास नव्हते. शाळेत मधल्या सुट्टीत चहा, पालक भेटायला आले की चहा, कुणाच्या घरी गेलं की चहा. शिक्षकाला चहा न पाजता पाठवणं गावाला शोभायचं नाही, आणि नको म्हणणं वडिलांना शोभायचं नाही. दिवसाला दहा-बारा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. सकाळी सहाला निगुतीनं घासलेले दात साडेसहापासून आम्लात.

किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त भोवतं, ही गोष्ट जगाला ज्या रीतीनं कळली ती वाचून मी अस्वस्थ झाले होते. दक्षिण स्वीडनमध्ये व्हिपेहोम नावाची संस्था होती. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना तिथं ठेवलं जाई. १९४५ मध्ये तिथं दातांवरचं संशोधन सुरू झालं, आणि पुढं काही वर्षं तिथल्या लोकांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या रीतीनं साखर दिली गेली. काहींना जेवणाबरोबर, काहींना जेवणांच्या मधे. त्यासाठी दाताला मुद्दाम चिकटून राहील अशी टॉफी बनवून घेतली होती, आणि एका गटाला ती दिवसाला २४ देत. १९५४ मध्ये निष्कर्ष छापून आले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेनं थोडं नुकसान, आणि मधल्या वेळच्या चिकट टॉफीनं दातांची वाताहत. ज्यांचे दात त्यात गेले त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यांतल्या बहुतेकांना कळलं नसतं. आज असा प्रयोग कुठंही होऊ देणार नाहीत, आणि होऊ देऊच नये. पण दंतवैद्य आपल्याला 'मधे मधे खाऊ नका' म्हणतात त्यामागं ती माणसं आहेत. हे वाचल्यापासून तो सल्ला मला हलक्यानं घेता येत नाही.

स्वीडनमध्ये पुढं मुलांना गोळ्या-चॉकलेटं आठवड्यातून एकदाच, शनिवारी, द्यायची पद्धत रुळली. हे वाचलं तेव्हा मला आमचा आठवडी बाजार आठवला. बाजाराच्या दिवशी आजोबा दिवेलागणीला परत यायचे. धोतराच्या सोग्यात कागदाची पुडी असायची. गोडी शेव, रेवड्या, कधी भेंडबत्तासे. आम्ही नातवंडं वेशीपर्यंत धावत जायचो. सगळ्यांच्या ओंजळीत सारखं वाटून त्याच संध्याकाळी ती पुडी संपायची, कारण उरवायला घरात फ्रिज नव्हता, बरण्या नव्हत्या आणि मुंग्या होत्या. पुन्हा गोड दिसायचं ते पुढच्या बाजाराला. ती गरिबी होती आणि तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, पण आमच्या दुधाच्या दातांना तिनं सांभाळलं. माझ्या स्वयंपाकघरात आज बिस्किटांचे तीन डबे आहेत आणि तिन्ही हाताला येतील अशा उंचीवर होते.

आजीचं मात्र वेगळं सांगायला हवं, नाहीतर जुनं ते सगळं चांगलं असा समज व्हायचा. आजी मिश्री लावायची. कोकणात आणि मुंबईकडं तिला मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावून बसायचं. नाव दात घासण्याचं. सकाळी एकदा, दुपारी भांडी घासून झाल्यावर एकदा, रात्री एकदा. गल्लीतल्या बायका एकमेकींच्या डबीतली चिमूट घेत आणि तेवढाच निवांतपणा त्यांच्या वाट्याला येई. भूक मारायलाही ती कामाला यायची. मला त्या बायकांना दोष द्यायचा नाही. पण मिश्री म्हणजे तंबाखूच. लावली नाही तर आजीचं डोकं धरायचं, पोट साफ व्हायचं नाही, ती चिडचिड करायची. तिला सवय नाही, व्यसन होतं, आणि ते आम्हाला व्यसन वाटलंच नाही कारण त्याला दात घासणं म्हणत. तिच्या हिरड्या मागं सरकल्या, मुळं उघडी पडली. गालाच्या आत एक पांढरा चट्टा दिसायचा. जेवताना तिखट लागलं की ती गाल हातानं दाबून धरायची. तो चट्टा तेव्हा कुणी डॉक्टरला दाखवला नाही. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड पूर्वीसारखं पूर्ण न उघडणं, ही दाखवायचीच दुखणी आहेत. तोंड न उघडण्यामागं बऱ्याचदा सुपारी असते. नुसत्या सुपारीनंही कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं आहे. सरकारनं १९९२ मध्ये मंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत ती बंदी कशी पोचणार? माझी काकू अजून लावते. यंदा गावी गेले तेव्हा तिच्याजवळ बसून मी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, डबी कनवटीला खोचली आणि म्हणाली, "आता या वयात व्हय?" मी पुन्हा सांगणार आहे. निदान तोंड दाखवायला तरी तिला नेणारच.

माझ्या कागदावर डॉक्टर बाईंनी लाल पेनानं तीनच खुणा केल्या. मला वाटत होतं पेढ्यावर पहिली खूण होईल. पेढ्याला त्यांनी हातही लावला नाही. म्हणाल्या, पेढा जेवल्यावर लगेच खा आणि चूळ भरा. खुणा होत्या साडेअकराच्या बिस्किटांवर, बडीशेपेतल्या साखरगोळ्यांवर आणि रात्रीच्या बेदाण्यांवर. बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचेत बसतो आणि तासभर तिथंच कुजत राहतो. बेदाणा तर सुकवून घट्ट केलेली साखरच, वर चिकट. आणि वेळ रात्रीची. झोपेत लाळ जवळपास थांबते. दिवसभर जी डागडुजी चालते ती रात्री होत नाही. पौष्टिक म्हणून मी रोज खात होते, आणि आमच्या बागेतले म्हणून जरा अभिमानानंही.

गुळाचंही तसंच. साखर वाईट आणि गूळ चांगला असं आपण धरून चालतो, पण जंतूंना दोन्ही सारखेच. उपवासाच्या दिवशी तर मी आता जास्त जपते. आपल्याकडं म्हण आहे, 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. दाताच्या बाजूनं पाहिलं तर ती शब्दशः खरी आहे. सकाळी राजगिऱ्याचा लाडू, मग खजूर, मग दाढांना लपेटून बसणारी साबुदाण्याची खिचडी, मधे केळ्याचे वेफर, पुन्हा चहा. एरवीच्या वरणभात-भाजी-भाकरीच्या दिवशी तोंडाला इतका त्रास नसतो. भाकरी, काकडी, गाजर, मुठभर भाजके शेंगदाणे चावायला लावतात, आणि चावलं की लाळ सुटते. जेवणाच्या शेवटी बिनसाखरेचं ताक प्यायची आपली रीत दातांनाही मानवते.

आंबटाचा प्रश्न निराळा. त्याला जंतूंचीही गरज नसते, आम्ल थेट दातावर जातं. लहानपणी कैऱ्या खाऊन संध्याकाळी भाकरी तोडता यायची नाही, तेव्हा आई म्हणायची, "दात आंबले असतील." किती नेमका शब्द आहे हा! आंबलेल्या दातांचं कवच तेवढ्या वेळापुरतं मऊ झालेलं असतं, म्हणून चिंच, कैरी, लिंबू-सरबत यानंतर लगेच ब्रश करायचा नाही. करकरून घासलं तर ते मऊ कवचच खरवडून निघतं. साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि निदान अर्धा तास थांबायचं.

एका गोष्टीची हळहळ मात्र जात नाही. लेक सहा वर्षांची असताना तिच्या खालच्या दाढेत काळा ठिपका दिसला. आम्ही दोघं म्हणालो, दुधाची दाढ आहे, पडेल, नवी येईल. ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागं पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी आधीचा कुठलाच दात नसतो, त्यामुळं काही पडत नाही, रक्त येत नाही, घरात कुणाला पत्ताही लागत नाही. आणि ती जन्माची सोबतीण असते. लेकीच्या त्या दाढेत आता सिमेंट आहे. आधी माहीत असतं तर दाढेच्या खाचा भरून घेतल्या असत्या, त्याला सीलंट म्हणतात, दुखत नाही आणि थोड्या वेळात होतं. ज्यांच्या घरात पाच-सहा वर्षांचं मूल आहे त्यांनी आज रात्री टॉर्च घेऊन त्याच्या तोंडात मागपर्यंत बघा, एवढं मला मनापासून सांगावंसं वाटतं.

आज रात्री म्हटलं, कारण आपण सकाळला फार मान देतो. तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, हे आपल्या घराघरातलं शिस्तीचं पहिलं वाक्य. रात्रीला तसं वाक्य नाही. आमच्या घरात आता आहे. रात्रीचं जेवण झालं की थोड्या वेळानं तिघंही मोरीशी, मऊ ब्रश, दोन मिनिटं, हिरडीच्या कडेला तिरका धरून हलके गोल. पेस्टमध्ये दाताचं कवच बळकट करणारं फ्लोराइड साधारण १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) आहे ना, हे ट्यूबवर बघून घेते. (यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर डाग पडतात. तिथं मुलांसाठी पेस्ट डॉक्टरांना विचारून घ्यावी.) आणि घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड रात्रभर दातांवर राहतं. हे मला सगळ्यात जड गेलं. आजोबांची नात, चूळ न भरता झोपायचं कसं? पंधरा दिवस गेले तेव्हा अंगवळणी पडलं. चूळ आता जेवणानंतर आणि चहानंतर, बँकेतल्या बेसिनपाशीही, आवाज न करता. चहा दोन वेळा साखरेचा, तो न्याहारी आणि जेवणाला लागून. बाकीचा बिनसाखरेचा. बेदाणे शिऱ्यात घालते. बाजारची पुडी शनिवारी येते.

वडील दिवाळीला आमच्याकडं होते. आईनं चकल्या केल्या, तिच्या हाताच्या, काटेरी आणि खुसखुशीत. वडिलांना चकली फार प्रिय. कवळीनं ती फुटत नाही, हिरडीला टोचते, म्हणून आई त्यांना वाटीभर दह्यात मोडून देते. त्या सकाळीही तशीच दिली. ते चमच्यानं खात होते. समोर लेक बसली होती, तिनं पहिली चकली तोंडात धरून मोडली. कुर्र असा आवाज सगळ्या खोलीत ऐकू गेला. वडिलांचा चमचा थांबला.

"आणखी एक खा," ते तिला म्हणाले. "जरा इकडं जवळ येऊन खा."

ती उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन दुसरी चकली खाल्ली.